बाय, रात्रभर पहारा द्यायचं काम तुझं नाही

प्रिय बाय,

तुझा मेसेज सकाळी वाचला, रात्री अडीचला टाकलेला. बाबा शिपवर गेले की घरच्यांची झोप उडते हे आपल्या गोव्यात काही नवीन नाही, सासष्टी-बारदेशात कितीतरी घरांत हेच चालू असतं. पण तू लिहिलंस ना, की दर तासाला बाबांची बोट कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप उघडतेस, ठिपका हलला नाही की पोटात गोळा येतो आणि मग वाटतं आपली श्रद्धाच कमी पडतेय, ते शेवटचं वाचून मला फार लागलं.

चिंता वाटली म्हणजे श्रद्धा संपली असं कोणी सांगितलं तुला? गेथशेमाने बागेत येशू स्वतः किती व्याकूळ झाला होता बघ. मत्तयाच्या शुभवर्तमानात सव्विसाव्या अध्यायात आहे, त्याने तिसऱ्यांदा जाऊन परत तेच शब्द बोलून प्रार्थना केली. त्याला एकच गोष्ट तीनदा बोलावी लागली, मग तुला रोज रात्री बोलावी लागली तर त्यात कमीपणा कसला गं. चिंता देवाच्या हवाली केली की परत येणारच नाही असं नसतं, ती येते, आली की परत द्यायची.

आणि देताना मोघम नको. "देवा सगळं सांभाळ" म्हणून आपण मोकळे होतो आणि मन तिथेच अडकून राहतं. नीट सांग, बाबांची बोट आता अमुक समुद्रात आहे, तिथे हवा खराब आहे, मला भीती वाटतेय. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात हेच लिहिलं, कशाचीच चिंता करू नका, जे हवं ते देवाला कळवा, आणि आभार मानून कळवा. तो ते कैदेत असताना लिहीत होता, त्यामुळे मला त्याचं म्हणणं पटतं. आभाराचं विसरू नकोस हं, बाबांचा मागच्या आठवड्यातला कॉल, आईची तब्येत, जे असेल ते नाव घेऊन.

तो ठिपका बहुतेक वेळा अडकतो कारण लांब समुद्रात किनाऱ्यावरच्या रिसिव्हरची रेंज पोचत नाही, बोटीला काही झालं म्हणून नव्हे. गोंयचो सायब, म्हणजे आपला संत फ्रान्सिस झेवियर, १५४१ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाला तो १५४२ च्या मेमध्ये इथे पोचला, वर्षावर गेलं, आणि मागे राहिलेल्यांना तो आत्ता कुठे आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. त्यांनी त्याला देवाच्या हाती सोडलं, दुसरं करणार काय? तुझ्याकडे अ‍ॅप आहे म्हणून बोट तुझ्या हातात आहे असं वाटतं, खरं तर तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

रात्री एकशे एकविसावं स्तोत्र वाच, तुझा राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. तो जागा असताना तू पण जागून काय करणार? फोन हॉलमध्ये चार्जिंगला ठेव आणि झोपायच्या खोलीत न्यायचाच नाही, हे आजपासून. माझ्या मते अर्धी चिंता त्या स्क्रीनवरच पोसली जाते.

आणि दिवसाचं काम सोडू नकोस. इंटरव्ह्यूची तयारी कर, पुढच्या वर्षी काय होईल ते पुढच्या वर्षी. रानात इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, ठेवला तर त्यात किडे पडले ना, बायबलच्या निर्गम पुस्तकात आहे. म्हणून तर येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण फक्त आजची भाकर मागतो.

एवढं करूनही दोन आठवडे झोप लागली नाही, छाती धडधडत राहिली तर डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही. लूक वैद्यच होता आणि पौल त्याला सोबत घेऊन फिरायचा. १४४१६ वर फोन केलास तरी चालेल, टेलिमानसची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

रविवारी चर्चमध्ये मिसाला आलीस की भेटू, आईलाही घेऊन ये. बाबांचा कॉल आला की मला मेसेज टाक, त्यांचं नाव मी रोज घेतेय.

तुझी,
टीचर