दिवसा बाहेर घरच्यांचे फोटो काढायला छोटा, स्वस्त फ्लॅश कोणता?

कमाटीबागेत दुपारी फोटो काढले की डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात, हे तुमचं दुखणं आम्हा बडोदेकरांना चांगलंच ठाऊक आहे. मी तरी गोडॉक्स टीटी३५० सुचवेन. दोन एए सेलवर चालतो, खिशात मावतो. फक्त त्याचं तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलंच मॉडेल घ्या.

दुसरा कुठला घेतलात, तर हाय-स्पीड सिंक (म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालण्याची सोय) आहे का ते आधी विचारा. नसेल तर शटर साधारण १/२०० सेकंदावर अडकतं, कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला लेन्सचं छिद्र बारीक, एफ/११ ठेवावं लागतं आणि मागची सगळी गर्दी स्पष्ट दिसते. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद घटते, म्हणून दोनेक मीटरवर उभे राहा. फ्लॅशचा प्रकाश एक पायरी कमी, म्हणजे -१ वर ठेवा, नाहीतर आजीचा चेहरा पांढराफटक दिसेल.