कोथरूडचा फ्लॅट, टोरंटोची नोकरी आणि भाडेकरूचे फोन

तुम्ही विचारलंय, नोकरीसाठी टोरंटोला येताना कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देतोय, तो सांभाळायला मॅनेजर ठेवतोच आहे, पण भाडेकरू थेट माझ्याशीही बोलत राहिला तर काय बिघडलं? बरंच बिघडतं.

पुण्यात दुपारचे बारा वाजले की इथे टोरंटोत उन्हाळ्यात रात्रीचे अडीच असतात. ‘खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय’ हा मेसेज नेमका तेव्हा येतो. तुम्ही सकाळी नऊला उत्तर देता, तेव्हा तिकडे साडेसहा झालेले असतात आणि प्लंबर त्या दिवशी मिळत नाही.

वेळेचं एक वेळ निभावून नेता येईल, पण घराला दोन मालक झाले की निभत नाही. मॅनेजर सांगतो, सोमवारी बाथरूमची टाइल काढून बघू, तोवर शॉवर बंद ठेवा. भाडेकरू तुम्हाला फोन लावतो आणि तुम्ही चांगुलपणाने म्हणून जाता, ‘या महिन्याचं भाडं थोडं कमी द्या.’ झालं! यापुढे मॅनेजरचा शब्द तो कशाला मानेल? घर सोडताना भिंतींच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायची वेळ आली की तुमचं तेच वाक्य पुढे येतं.

मॅनेजरला अधिकार मात्र खरे द्या. त्यासाठीचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) तुम्ही निघण्याआधी पुण्यातच करा, इथून करायचं तर वकिलातीतून साक्षांकन आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा व्याप होतो. त्यात विक्रीचा अधिकार अजिबात नको. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्याने न विचारता करायची, ते लिहून द्या. बिल आणि आधी-नंतरचे फोटो दर वेळी मागा. भाडं थेट तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नासाठी असलेल्या खात्यात, येऊ दे. नवा भाडेकरू आणि मोठा खर्च, हे निर्णय तुमचेच.

भाडेकरार नोंदवायलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकलीय. ‘घराबाबतचा संपर्क मॅनेजरमार्फत’ हे कलम त्यातच घाला.

आणखी एक, तुम्ही अनिवासी झालात की भाडं कितीही असो, भाडेकरूला टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच त्यातून आयकर, कापावा लागतो, साधारण ३१.२ टक्के. पुष्कळजण हे ऐकून बिचकतात. सही करण्याआधीच मॅनेजरने त्याला हे नीट समजावलं पाहिजे.

विमानात बसण्यापूर्वी तिघे एकदा फ्लॅटवर भेटा. गॅलरीपासून मीटरपर्यंत सगळं एकत्र बघा आणि भाडेकरूला मॅनेजरसमोरच सांगा, ‘यापुढे काहीही लागलं तर यांनाच फोन करा.’