दोनदा विचारायची सवय मोडू नका

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. तिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय. मुंबईत एकाच धावपट्टीवर दोन विमानं आल्याची बातमी पाहिल्यापासून मला धास्ती वाटते. एका चुकीवर शेकडो जीव! शिवाय तिचं इंग्रजी कॉन्व्हेंटच्या मुलींसारखं नाही. दुकानात फोनवर ऑर्डर घेतानासुद्धा ती सगळं दोनदा विचारते, गिऱ्हाइकं वैतागतात. तिला हे झेपेल का?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं ‘सगळं दोनदा विचारते’ हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण मी आधी तेच पुन्हा वाचलं. मुलीला हे काम जमेल असं मला वाटतं, ते त्या वाक्यामुळे.

१९ फेब्रुवारी १९८९ ची गोष्ट. सिंगापूरहून निघालेलं मालवाहू बोईंग ७४७ क्वालालंपूरला उतरत होतं. विमानतळाच्या टॉवरमधल्या नियंत्रकाने, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलरने, रेडिओवरून इंग्रजीत सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’, म्हणजे २,४०० फुटांपर्यंत खाली या. इंग्रजीत ‘दोन’ आणि ‘पर्यंत’ या दोन्हींचा उच्चार ‘टू’च. वैमानिकाने ऐकलं, ४०० फुटांपर्यंत या. त्याने उत्तरही तसंच दिलं, ‘ओके, फोर झीरो झीरो’. चूक पकडायची ती जागा होती, आणि ती तशीच निसटली. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. दोन्हीकडच्यांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. ‘दोन हजार चारशे म्हणालात ना?’ एवढंच कुणी विचारलं नाही.

तुमच्या दुकानात पंचवीस किलो की पस्तीस, हा घोळ किती वेळा झाला असेल! मुलगी दोनदा विचारते ती तो टाळण्यासाठीच. नियंत्रकाच्या कामात या सवयीला नियमाचं रूप आहे. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची, त्याला रीडबॅक म्हणतात. नियंत्रकाने ते कान देऊन ऐकायचं आणि चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. कळलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, त्यात लाज कसली? रेडिओवर म्हणतात त्या ‘रॉजर’चा अर्थही फक्त ‘तुमचं बोलणं पोचलं’ एवढाच. ‘हो’ असा नाही. मला काळजी वाटते ती न ऐकताच ‘हो हो’ म्हणणाऱ्या मुलांची. अशी मुलं समोर आली की या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

आता तुमची भीती. मुंबईची ती घटना ८ जून २०२४ ची. एक विमान उड्डाण घेत होतं, त्याच वेळी मागून दुसरं त्याच धावपट्टीवर उतरलं. कुणाला इजा झाली नाही, पण डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. धास्ती वाटणं साहजिक आहे आणि मी ती खोटी ठरवणार नाही. मात्र भार एकट्या माणसावर नसतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाने १५,००० फुटांवर थांबायचं होतं. ते त्याखाली उतरलं आणि १४,००० फुटांवरच्या सौदी विमानाला धडकलं. नियंत्रकाने समोरून विमान येतंय हे कझाक वैमानिकांना सांगितलं होतं. पण तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती, आणि येणारी-जाणारी विमानं एकाच मार्गावरून जात होती. त्यानंतर मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि टक्कर टाळायची सूचना देणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं.

इंग्रजीचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय नियमाला किमान चौथी पातळी लागते. सर्वांत वरची सहावी. उच्चारावर मातृभाषेची छाप चालते, समोरच्याला समजण्याच्या आड ती येऊ नये इतकंच. रोजचं बोलणं ठरलेल्या वाक्यांत आणि आकडे सुटे सुटे. पण काही अनपेक्षित घडलं की साध्या इंग्रजीत सरळ बोलावं लागतं, आणि त्याची तयारी तिला आतापासून करावी लागेल. रोज वीस मिनिटं इंग्रजी बातम्या ऐकून त्यातले आकडे आणि नावं लिहून काढायची, मग मोठ्याने परत म्हणायची. महागड्या क्लासपेक्षा मला याचा भरवसा जास्त वाटतो.

आणि कृपा करून ‘एटीसी (एअर ट्रॅफिक कंट्रोल) डिप्लोमा’ विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी असा डिप्लोमा लागत नाही. ऑनलाइन परीक्षा, आवाजाची चाचणी, मानसिक आणि वैद्यकीय तपासणी होते. निवड झाल्यावर शिक्षण प्राधिकरणच देतं. प्रयागराज आणि हैदराबादप्रमाणे आपल्या गोंदियातही त्यांची संस्था आहे. कमाल वय साधारण २७, राखीव गटांना सवलत. जाहिरात दरवर्षी येतेच असं नाही, म्हणून एम.एस्सी.ची वाट मोकळी ठेवा. रात्रपाळी असते, बदली देशात कुठेही होते. जवळ पुणे आहे म्हणून आशा लावू नका, तिथला टॉवर हवाई दलाकडे आहे. रंग ओळखण्याची आणि ऐकण्याची तपासणी मात्र अभ्यासाला लागण्याआधीच करून घ्या. त्यात अडलं तर दोन वर्षं वाया जायला नकोत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. बी.एस्सी.ला फिजिक्ससोबत तिचा गणित विषय आहे का? जाहिरातीत दोन्ही मागतात. नसेल तर याच आठवड्यात कॉलेजमध्ये जाऊन विषय बदलता येतो का ते विचारा, आणि काय सांगतात ते मला कळवा.