हौशी रोबोवॉर भरवताना प्रसिद्धी कशी करावी आणि गर्दी कशी आणावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की जिल्ह्याच्या ठिकाणी पहिल्यांदाच रोबोवॉर, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या यंत्रांची (बॉटची) झुंज, भरवताय, ८ आणि १५ किलो वजनाच्या बॉटचे गट ठेवलेत, आणि बजेटमधला जवळजवळ निम्मा पैसा फ्लेक्स, इन्स्टाग्रामवरची मोठी मंडळी आणि एका सिनेमातल्या पाहुण्यासाठी राखून ठेवलाय. हे वाचलं आणि राहवलं नाही. तो पैसा तिथून काढा आणि अरीनात, म्हणजे बॉट लढतात त्या पिंजऱ्यात, घाला. रोबोवॉरची जाहिरात आधी टीमपुढे करायची असते. चांगल्या टीम आल्या की त्यांचं कॉलेज, त्यांचा गाव, त्यांना लेथवर काम करून देणारा मिस्त्री, सगळे मागून येतात. उलट कधी होत नाही.

टीम काय बघते? फ्लेक्स बघत नाही. अरीनाचा फोटो मागते. भिंत पॉलीकार्बोनेटची आहे की ॲक्रिलिकची, हे त्यांना फोटोवरून कळतं, आणि ॲक्रिलिक दिसलं की शहाणी टीम येत नाही, कारण ॲक्रिलिक फुटतं तेव्हा त्याच्या सुऱ्या होतात. छताला काय आहे? आपल्याकडे अजूनही चारी बाजूंनी शीट आणि वर नुसती जाळी, असे अरीना उभे राहतात. फिरत्या शस्त्राचा तुटलेला दात भिंत बघून उडत नाही. साधा हिशेब करा: दीड किलोच्या बॉटवरचं २० सेंटीमीटर लांबीचं पातं मिनिटाला १०,००० फेऱ्या करत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपास असतो. तुम्ही तर १५ किलोचं बोलताय. छतालाही शीटच हवी, आणि प्रेक्षकांचा कठडा भिंतीपासून लांब हवा. आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही: शीट थिनरने किंवा ॲसिटोनने पुसू देऊ नका. पॉलीकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि पुढच्या माऱ्याला ती शीट दगा देते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

आता माझं सांगतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीमुळे फाउंड्री, लेथ, लेझर कटिंग सगळं हाताशी, त्यामुळे पोरं बॉट दणकट बनवतात. एका कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात आम्ही माजी विद्यार्थी मिळून रोबोवॉर भरवायचो. माझ्याकडे तपासणी होती. माझा एक जुना मित्र सगळ्याचा प्रमुख. माणूस जिवाला जीव देणारा, पण त्याच्या लेखी कार्यक्रम म्हणजे स्टेज.

१५ किलोची फायनल होती. संध्याकाळ झालेली, मैदान भरलेलं, हलगीवाले बोलावलेले, प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत. दोन्ही बॉट ड्रम स्पिनर, म्हणजे पुढे दातांचा जाड दंडगोल गरगर फिरवणारे. लोकांना जे बघायचं असतं तेच. आमचा नियम असा की सेमीफायनलनंतर पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, बॉटमध्ये काहीही बदललं तर पुन्हा तपासणी. एका टीमने रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा हुकूम घेणारा बॉटमधला भाग, बदलला होता. त्यांनी ते स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही, हे मला आजही त्या पोरांचं मोठेपण वाटतं. बॉट ठोकळ्यावर ठेवला, चाकं अधांतरी, ड्रम शिकंज्यात धरलेला पण बेल्ट काढून मोटर मोकळी. मोटर चालू केली आणि ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद करायला लावला. मोटर थांबली नाही. रिसीव्हर शेवटचा सिग्नल धरून बसला होता. फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की सगळं आपोआप बंद करणारी सोय, सेटच केलेला नव्हता.

मी नाही म्हणालो.

मित्र धावत आला. “भावा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. दोन्ही बॉट पिंजऱ्यात असणार, दार बंद असणार. काय व्हायचंय? पाहुणे उठतील.”

हा वाद मला इथे नीट मांडायचाच आहे, कारण जवळजवळ प्रत्येक आयोजक हेच बोलतो. लढत चालू असताना दार बंद असतं, तेव्हा भिंत आपलं काम करते. धोका असतो तो आधीच्या आणि नंतरच्या मिनिटाला. पोरगं गुडघ्यावर बसून बॉटमध्ये हात घालून वीज जोडणारी लिंक लावतं किंवा काढतं, तेव्हा मधे शीट नसते. लढत संपली, ट्रान्समीटरची बॅटरी गेली किंवा कुणाचा धक्का लागून तो बंद पडला, आणि बॉटला वाटतंय की अजून हुकूम चालू आहे, तर दार कोण उघडणार? अमेरिकेत बऱ्याच हौशी स्पर्धा ज्या स्पार्क नियमावलीवर चालतात, तिच्यात वीज तुटल्यावर फिरतं शस्त्र ६० सेकंदांत पूर्ण थांबलं पाहिजे असं आहे, आणि सिग्नल गेला की ते आपोआप बंद झालं पाहिजे असंही. हे नियम मला खोटे पाडून दाखवा, मग फायनल लावा, असं मी त्याला म्हणालो.

पाऊण तास गेला. लोकांनी आरडाओरडा केला. पाहुणे खरंच उठले. त्या पोरांनी रिसीव्हर ट्रान्समीटरशी पुन्हा बाइंड केला, म्हणजे जोडला, फेलसेफ सेट केला, मी आधी ड्राइव्हची आणि मग शस्त्राची तपासणी केली आणि बॉट आत सोडला. फायनल झाली. पहिल्या मिनिटातच एका ड्रमने दुसऱ्याचा वेज, म्हणजे पुढची उतरती ढाल, उखडून छताच्या शीटवर फेकला, आणि जे लोक थांबले होते ते खुर्च्यांवर उभे राहिले. हलगी पुन्हा सुरू झाली. जे थांबले होते ते खरे प्रेक्षक होते.

मित्र तेव्हापासून म्हणतो की त्या दिवशी मी कार्यक्रम पाडला, प्रायोजक घालवला. प्रायोजक पुढच्या वर्षी आला नाही, हे खरं. पण पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर “स्पर्धेबद्दल कुठून कळलं?” असा प्रश्न आम्ही टाकला होता. सांगलीहून, पुण्याहून, बेळगावहून आलेल्या टीमनी तिथे दुसऱ्या टीमची नावं लिहिली. फ्लेक्स कुणी लिहिला नाही. पिटमध्ये एका पोरीने मला सांगितलं, “सर, तुमच्याकडे तपासणी खरी होते म्हणून आमच्या सरांनी सोडलं.” तुमच्या प्रसिद्धीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे.

तरी तुम्ही गर्दीचं विचारलंय, तर आमच्याकडच्या कुस्तीच्या मैदानाकडून शिका. मैदानाचं पत्रक बघा: वर देणगीदार असतात, पण माणूस वाचतो ते जोड. कुणाची कुणाशी, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा, पहिल्या नंबरची कुस्ती कोणती. रोबोवॉरच्या पोस्टरवर मात्र डोळ्यांतून लाल दिवे येणारा भलताच यंत्रमानव छापतात, जो स्पर्धेत नसतोच. तुमच्या खऱ्या बॉटचे फोटो छापा. पहिल्या फेरीच्या जोड्या आठवडाभर आधी लावा आणि रोज एक जोड जाहीर करा. प्रत्येक टीम आपली जोड स्वतःच सगळीकडे पाठवते, तुम्हाला एक पैसा लागत नाही.

निवेदकही तसाच हवा. कुस्तीचा निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, मागच्या कुस्त्या तोंडपाठ सांगतो. तुमच्याकडे तर त्याची जास्तच गरज आहे, कारण रोबोवॉरमध्ये वाट बघणंच जास्त. १६ बॉट, डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाहेर), म्हणजे किमान ३० लढती. लढत ३ मिनिटांची, पण आत ठेवणं, लिंक लावणं, बाहेर काढणं, तुकडे झाडणं धरून दहा मिनिटं जातातच. पाच तास झाले, आणि एकाच टीमच्या दोन लढतींमध्ये दुरुस्तीला वीस मिनिटं द्यायचीत ती वेगळी. मधल्या वेळात डीजे लावला की लोक वडापाव खायला जातात आणि येत नाहीत. निवेदकाने सांगावं की हा ड्रम ईएन२४ पोलादाचा आहे, हार्डनिंग कुणी केलं, मागच्या लढतीत याची डावीकडची मोटर गेली होती आणि आत्ता पिटमध्ये सोल्डरिंग चाललंय. मग लोक त्या बॉटची वाट बघतात. मराठीत बोला. इंग्रजी अँकर आणू नका.

अरीना उंचावर ठेवा. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात कुठेही बसा, हौदा, म्हणजे कुस्तीची जागा, दिसतो, तो तसा खोलगट बांधलाय म्हणून. तुमच्याकडे सपाट मैदान असेल आणि अरीना जमिनीवर असेल, तर तिसऱ्या रांगेपासून पुढच्यांची डोकीच दिसतात. एक कॅमेरा अरीनाच्या कोपऱ्यात शीटच्या बाहेरून, एक पिटमध्ये. प्रत्येक लढत, हरलेल्याचीही, दुसऱ्या दिवसापर्यंत टीमच्या नावासकट अपलोड करा. पुढच्या वर्षीची जाहिरात तीच.

बक्षिसाबद्दल: पहिल्या नंबरला लाख आणि बाकीच्यांना प्रमाणपत्र, हे करू नका. त्याने चार मोठ्या टीम येतात, गावच्या पोरांचे बॉट पहिल्या फेरीत भंगार करतात आणि पैसे घेऊन जातात. त्यापेक्षा बाहेरगावच्या टीमची राहण्याची सोय करा, पहिल्यांदा उतरलेल्या टीमसाठी वेगळं बक्षीस ठेवा. तारीख ठरवताना डिसेंबर टाळा, तेव्हा बहुतेक भारी टीम पवईला आयआयटीच्या टेकफेस्टच्या तयारीत असतात, आणि विद्यापीठाच्या परीक्षाही बघून घ्या. नियम स्वतः लिहीत बसू नका. स्पार्कचे किंवा ब्रिटनच्या फायटिंग रोबोट असोसिएशनचे नियम घ्या, मराठीत उतरवा, किमान तीन महिने आधी जाहीर करा आणि मग बदलू नका. परीक्षक तीन ठेवा, नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण यावर गुण द्यायला लावा, आणि गुण लगेच फळ्यावर लिहा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

थोडं आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो: पहिलीच वेळ असेल तर १५ किलोचा गट ठेवूच नका. दीड किलोपासून सुरू करा. अरीना लहान, खर्च कमी, पोरांना बॉट परवडतो, आणि मारामारी तितकीच बघण्यासारखी होते. इंग्लंडात तर १५० ग्रॅमच्या बॉटच्या स्पर्धा वर्षानुवर्षं चालू आहेत. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या चार्ज करायला मोकळ्या हवेची वेगळी जागा, वाळूच्या बादल्या, लांब चिमटे आणि तिथे सतत बसणारा एक माणूस ठेवा. फुगलेली बॅटरी आत येऊ देऊ नका. बंद खोलीत चार्जिंग अजिबात नको, धूर विषारी असतो. पोलीस आणि अग्निशमनची परवानगी, विमा, रुग्णवाहिका हे तुम्ही करालच. प्रायोजकाला पैसे मागण्याऐवजी पॉलीकार्बोनेट, स्टील, कटिंगचे तास मागा. एमआयडीसीतला मालक रोख द्यायला कुरकुरतो, पण मशीनवरचे दोन तास आनंदाने देतो आणि बघायला स्वतः येतो.

आणि तपासणीप्रमुखाचं नाव नियमपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापा. त्याने नाही म्हटलं की आयोजकालाही, अध्यक्षालाही, पाहुण्यालाही त्यावर अपील नाही, हे त्याच्याच खाली लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.