कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला स्वतःचं घर मिळवून द्यायला संस्था खरंच मदत करतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या ताई आणि रिक्षा चालवणारे त्यांचे यजमान मिळून महिन्याला पंचवीसेक हजार कमावतात, भाड्याच्या खोलीत राहतात आणि बँकेने त्यांना एकदा दारातूनच परत पाठवलंय. अशांना घर घ्यायला एखादी सेवाभावी संस्था खरोखर मदत करते, की सगळी जाहिरातबाजी असते, हा तुमचा प्रश्न.

करतात. मात्र देणग्या गोळा करून घर बांधायचं आणि किल्ली हातात द्यायची, अशी संस्था शोधत असाल तर ती क्वचितच सापडेल. सापडली तरी देणगीच्या पैशात किती घरं होणार? ज्यांनी हजारांच्या हिशेबात घरं उभी केली त्यांनी निराळंच काम केलं. ज्यांच्याकडे पगारपत्रक नाही, जामीनदार नाही, अशा माणसांना त्यांनी एकत्र बांधलं, त्यांची बचत आणि कागद तयार करून घेतले आणि मग सरकार व बँक यांच्यापुढे अशा तयारीनिशी उभं केलं की नकार देणं अवघड व्हावं. मी सोलापूरची, माझी आई विडी कामगार, आणि बरीच वर्षं एका पतसंस्थेत घरकर्जाच्या फायली हाताळते. त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

आधी आमच्या सोलापूरचंच सांगते, कारण महाराष्ट्रात याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. विडी वळणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य सुपाभोवती. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, कारखान्यात नेऊन द्यायची. त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला टाकल्या जाणार आणि उरलेल्यांची मजुरी मिळणार. यातून घरासाठी एकरकमी पैसा कुठून उभा राहणार? माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावट्याच्या युनियनने या बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. शहराला लागून कुंभारी गावाच्या हद्दीत जमीन घेतली आणि कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. हिशेब साधा होता: घर साधारण साठ हजारांचं, त्यात वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार कामगाराचे.

हे तिसरे वीस हजार नीट समजून घ्या. रोज विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईला ते एका दमात देणं शक्य नव्हतं. पण दहा हजार बायका एका संस्थेच्या सभासद म्हणून उभ्या राहतात तेव्हा एकेकीच्या ऐपतीचा प्रश्न मागे पडतो. जमीन घाऊक भावात मिळते, बांधकामाचा दर घाऊक ठरतो, आणि मोर्चा निघाला तर तोही घाऊक निघतो. हा शेवटचा भाग सभ्य लोकांना आवडत नाही, पण माझ्या मते त्याच्याशिवाय सरकारी वाटा वेळेवर सुटला नसता.

त्याच वाटेने पुढे रे नगर झालं, तीस हजार घरांचं. यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, भंगार वेचणारे, वाहनचालक असे सगळे असंघटित लोक आहेत. २०१९ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण. पंतप्रधान आवास योजनेतून घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, बाकीचा भार सभासदाचा. कम्युनिस्ट युनियनने मागितलेली वसाहत भाजपच्या पंतप्रधानांच्या हातून सुरू झाली, यावर सोलापुरात बरीच चर्चा झाली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. घर मागणाऱ्याने ज्याचं सरकार असेल त्याच्याकडेच जायचं असतं.

उणी बाजूही सांगायला हवी. स्वस्त जमीन नेहमी शहराबाहेर असते. विडी वळणारी बाई घरात बसून काम करते, तिला ते चालून जातं. पण भाजी विकणारीला किंवा तुमच्या ताईंसारख्या घरकाम करणारीला कामाची घरं सोडून दहा-बारा किलोमीटर लांब जाणं म्हणजे अर्धी कमाई बस-रिक्षात घालणं. तिच्यासाठी आहे त्याच जागी घर सुधारणं जास्त बरं.

त्याचं उत्तम उदाहरण पुण्यात येरवड्याला आहे. केंद्राच्या शहर सुधारण्याच्या नेहरू पुनरुत्थान योजनेच्या काळात तिथल्या काही वस्त्यांमध्ये स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी लोकांना न हलवता घरं बांधली. ज्यांची घरं आधीच पक्की होती ती तशीच ठेवली आणि मधली पत्र्याची, कच्ची घरं पाडून त्याच ठिकाणी २७० चौरस फुटांची पक्की घरं उभी केली. गल्ली तीच, शेजारीण तीच, कामाची घरं तीच. दहा टक्के वाटा कुटुंबाने द्यायचा होता. तीन लाखांच्या घराला तीस हजार. नकाशावर घर कळत नाही, म्हणून या संस्था खऱ्या मापाचा नमुना उभा करून बायकांना दाखवतात. बायका आत शिरतात आणि विचारतात, कपाट कुठे लावायचं, मोरी दाराशी का, माळा का नाही. हे प्रश्न बांधकामाआधी विचारले गेले की नंतरची तोडफोड वाचते.

महिला मिलनची सुरुवात १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून झाली. रोज कुणीतरी दारोदार फिरून दोन रुपये, पाच रुपये बचत गोळा करायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका प्रत्येकीच्या नावाची प्लास्टिकची पिशवी ठेवत आणि त्यात रंगीत कागदाचे तुकडे टाकत. एकेका रंगाची रक्कम ठरलेली. पिशवी उघडली की हिशेब समोर. शिकलेला माणूस याला खेळ म्हणेल. कर्जाच्या टेबलावर बसणारी मी सांगते, रोज बचत टाकणाऱ्या बाईची ती पिशवी एखाद्या बड्या पगारदाराच्या बँक स्टेटमेंटइतकीच बोलकी असते. कोणत्या महिन्यात पैसा आटतो, कधी आजारपण आलं, पुन्हा कधी सावरली, सगळं त्यात दिसतं.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. तुमच्या ताईंना बँकेने परत पाठवलं ते उत्पन्न कमी म्हणून नव्हे, ते कागदावर दिसत नाही म्हणून. आमच्याकडे अशी बाई आली की मी फॉर्म बाजूला ठेवते आणि विचारते, किती घरी काम, कोण किती देतं, दिवाळीला काय मिळतं, मे महिन्यात लोक गावाला गेले की पगार कापतात का, जूनमध्ये शाळेला किती लागतात. यजमानांची रिक्षा स्वतःची की रोजावरची, परमिट कुणाच्या नावावर. अर्ध्या तासात खरं उत्पन्न समोर येतं. मग कागद निघतात आणि रेशनकार्डावर सुनंदा, आधारवर सुनंदाबाई, माहेरच्या दाखल्यावर तिसरंच आडनाव. एका अक्षरावरून फाईल महिनोन्‌महिने अडते. चांगली संस्था पहिली मदत करते ती हे कागद सरळ करण्यात. अहमदाबादला असंघटित कामगार बायकांच्या ‘सेवा’ या संघटनेने १९९४ मध्ये महिला हाउसिंग ट्रस्ट काढला, तो नेमकं हेच करतो: बायकांचे कागद, वस्तीत पाणी, वीज, संडास, आणि मग कर्ज. तिथल्या महापालिकेच्या परिवर्तन योजनेत कुटुंबाने दोन हजार भरायचे होते आणि बदल्यात नळ-गटारासोबत दहा वर्षं हटवणार नाही असं आश्वासन मिळालं. त्या आश्वासनाच्या भरवशावर लोक स्वतःहून भिंती पक्क्या करायला लागतात.

व्याजाचं गणित मात्र कोणी समजावून सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. समजा पाच लाख कर्ज, पंधरा वर्षं मुदत. बँकेने नऊ टक्क्यांनी दिलं तर हप्ता साधारण ५,०७१ रुपये. पगारपत्रक नसलेल्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्या सहज तेरा टक्के लावतात. तिथे हप्ता ६,३२६. महिन्याला साडेबाराशेचा फरक, आणि पंधरा वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त. म्हणजे सरकारने अडीच लाख अनुदान दिलं तरी ते जवळजवळ सगळं चढ्या व्याजात निघून जातं. म्हणून एखादी संस्था कुटुंबाला घर देत नसली, पण कागद आणि बचत उभी करून तेराऐवजी नऊ टक्क्यांच्या दारात नेत असली, तरी तिने सव्वादोन लाख मिळवून दिल्यासारखंच आहे.

अमेरिकेतली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ साली सुरू झाली, ती याच ठिकाणी घाव घालते. कुटुंबाने स्वतःच्या घराच्या बांधकामावर ठरावीक तास श्रम करायचे, शेजाऱ्याच्या घरालाही हात लावायचा, आणि कर्ज शक्यतो बिनव्याजी किंवा अगदी कमी व्याजाचं. परत आलेल्या हप्त्यांतून पुढची घरं. २००६ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वयंसेवकांसोबत लोणावळ्याजवळ मळवलीला याच कामासाठी आले होते आणि तिथे शंभर घरं बांधायला घेतली होती. काम मोलाचं आहे, पण आपल्याकडे घोडं बहुतेक वेळा जमिनीच्या मालकीपाशी अडतं, आणि तो गुंता विटा रचून सुटत नाही.

आता तुमच्या ताईंनी काय करावं. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भागाचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात येतं आणि सहा लाखांपर्यंतचं अल्प उत्पन्न गटात. पंचवीस हजार महिना म्हणजे बरोबर तीन लाखांच्या काठावर, तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढताना काळजी घ्या. खोटं लिहू नका, पण यजमानांच्या रिक्षाचा गॅस आणि दुरुस्तीचा खर्च वजा करायला विसरू नका. कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट आहे, त्यामुळे गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघा. घर ताईंच्या किंवा दोघांच्या नावावर करा. याच योजनेत गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारं अनुदानही आहे, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच हप्त्यांत.

त्याआधी एक गोष्ट आजच करा. त्यांचा पगार रोख देऊ नका, खात्यावर टाका, आणि सोसायटीतल्या बाकीच्या घरांनाही तसं सांगा. वर्षभराचा खात्याचा उतारा म्हणजे त्यांचं पगारपत्रक. शिवाय वस्तीत बचत गट असेल तर त्यात नाव घाला. गटाचं नियमित कर्जफेडीचं पासबुक बघून माझ्यासारखी माणसं निम्मा निर्णय घेतात.

आणि कृपा करून सांभाळा. पंतप्रधान आवासचा फॉर्म भरून देतो, दहा हजार द्या, असं म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. खरी संस्था पावती देते, पैसे संस्थेच्या खात्यावर घेते, जमिनीचा सातबारा दाखवते आणि तो संस्थेच्या नावावर असतो. इमारतीत घर घेत असाल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक स्वतः मोबाइलवर तपासा. सभासदांची सभा होते का आणि हिशेब मांडला जातो का हे वसाहतीत आधी राहायला गेलेल्या बायकांना विचारा, त्या लपवत नाहीत.

तुम्ही शहर लिहिलेलं नाही. ताई कुठल्या महापालिकेच्या हद्दीत राहतात, भाडेकरार नोंदलेला आहे का आणि रेशनकार्ड कुठल्या गावचं आहे, एवढं कळवलंत तर कुठून सुरुवात करायची ते मी नेमकं सांगू शकेन.