रवी नाही, तरी घुसळण

प्रश्न : टोकामाक या अणुसंमीलनाच्या कड्याच्या आकाराच्या यंत्रातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, बाहेरून कुणी ढकललं नाही तरी आपोआप गोल फिरू लागतो, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत. मी जन्मभर मुलांना संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवला. रवी न लावता ताक घुसळलं जातं म्हणण्यासारखंच झालं की हे! नियम मोडतो का?
— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कराड

उत्तर : सर, नियम शाबूत आहे. हिशेबात भिंतही धरायची असते, एवढंच. पण तिच्यापर्यंत जायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

आधी ढकलून फिरवण्याचं बघू, कारण ते गणित तुमच्या फळ्यावर मावेल. प्लाझ्मा तापवायला त्यात ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) वेगवान अणूंचा झोत सोडतात. अणूंवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही. आत शिरल्यावर इलेक्ट्रॉन गमावून त्यांचे आयन (विद्युतभारित कण) होतात आणि ऊर्जा, संवेग दोन्ही प्लाझ्माच्या पदरात पडतं. झोत कड्याच्या परिघाला धरून सोडला, की प्लाझ्मा त्या दिशेला फिरतो. आता ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, संवेग नुसत्या वेगावर. म्हणून झोताच्या शक्तीची दुप्पट करून तिला वेगाने भागलं, की रेटा मिळतो. फ्रान्समध्ये कादाराशला उभं राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामाकचे झोत 10 लाख व्होल्टचे आहेत, एकूण शक्ती 33 मेगावॅट. ड्यूटेरियमचा वेग तिथे सेकंदाला साधारण 9,800 किलोमीटर येतो. भागाकार करून पाहा : सुमारे 7 न्यूटन! एवढी वीज ओतून 700 ग्रॅम वजनाइतका रेटा. सॅन दिएगोच्या डीथ्री-डी यंत्रातले झोत 80 हजार व्होल्टच्या आसपासचे असतात. तेवढीच शक्ती तशा झोतांनी दिली तर रेटा साडेतीनपट मिळेल. पण ईटरच्या जाडजूड प्लाझ्मात मंद झोत मधोमध पोचणारच नाही.

या रेट्याची एवढी चिंता का, तर फिरणारा प्लाझ्मा शहाण्यासारखा वागतो. शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकले, की उष्णता बाहेर पळवणारे भोवरे फाटतात. शिवाय चुंबकीय क्षेत्रात गाठी पडतात, त्या प्लाझ्माबरोबर फिरत असतात तोवर बऱ्याच अंशी आटोक्यात राहतात. फिरणं थांबून गाठ एका जागी अडकली, तर अनेकदा काही मिलिसेकंदांत सगळा प्लाझ्मा कोसळतो. त्याचा मार यंत्राला बसतो.

आता तुमचा खरा प्रश्न. एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड यंत्रात तापवण्यासाठी असा झोत नव्हता. रेडिओ लहरी होत्या, आणि त्या प्लाझ्माला ढकलत नाहीत म्हटलं तरी चालेल. तरीही 1990च्या दशकात जॉन राइस आणि सहकाऱ्यांना तिथला प्लाझ्मा सेकंदाला शंभर किलोमीटरच्या घरात फिरताना दिसला. यंत्र केवढं? कड्याची त्रिज्या 67 सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला वीस हजारांवर फेऱ्या! लहरींनीच काही केलं असेल, ही शंका तेव्हाही निघाली. पण पुढे लहरी बंद ठेवून, नुसत्या प्लाझ्मातल्या विद्युतप्रवाहाने तापवूनही तेच दिसलं.

मला स्वतःला त्यातलं सर्वांत बोलकं निरीक्षण वाटतं ते असं : प्लाझ्मा उत्तम उष्णताधारणेच्या अवस्थेत (हीच ती 1982 साली जर्मनीत गार्शिंगला सापडलेली एच-मोड) गेला, की फिरणं आधी कडेला सुरू होतं आणि मग केंद्राकडे सरकतं. केंद्रात काही मोटर नाही. जे काही येतं ते कडेकडून.

कडेला काय आहे? भिंत. प्लाझ्मातले भोवरे उष्णतेसारखाच संवेगही वाहून नेतात. वेगवान थराकडून मंद थराकडे तो झिरपतो, यात नवल नाही. काही वेळा उलट आत ओढला जातो. पण तिसरा प्रकार नवलाचा : प्लाझ्मा स्थिर असतानाही भोवरे संवेगाची वाटणी करतात, एका दिशेचा आत आणि दुसऱ्या दिशेचा बाहेर. भोवरे दोन्ही दिशांना सारखे असते तर हे घडलं नसतं. कडेच्या विद्युतक्षेत्राचा तीव्र उतार किंवा प्लाझ्माच्या छेदाचा वरखाली असमान आकार हा सारखेपणा मोडतो. बाहेर गेलेला संवेग भिंतीला मिळतो, भिंत पायाला जखडलेली, पाया पृथ्वीला. बेरीज शून्यच. रवी आहे सर, फक्त कडेला आहे.

गंमत म्हणजे ही वाटणी नाजूक असते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टीसीव्ही या टोकामाकमध्ये घनता थोडीशी वाढवताच फिरण्याची दिशा चक्क उलटली. ते 2006 साली प्रसिद्ध झालं. म्हणून ईटरमध्ये आपोआप किती फिरेल, याचे छातीठोक आकडे कुणी सांगू लागलं तर मी जरा सावरून बसतो.

प्रश्न : इतक्या तापलेल्या प्लाझ्माचा वेग मोजतात कसा? आत काही घालता येत नसेल ना?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : घालायची गरज नाही, प्रकाश बाहेर येतोच. माझी नोकरी वर्णपट काढण्यातच गेली, तेव्हा हे आवडीचं. भिंतीचा थोडा कार्बन प्लाझ्मात मिसळलेला असतो. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन 529 नॅनोमीटरला हिरवी रेषा देतो. गांधीनगरच्या आदित्य-यू यंत्रातही फिरणं याच रेषेवरून मोजलं आहे. आयन आपल्याकडे येत असेल तर डॉप्लर परिणामाने रेषा निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे.

कसोटी लागते ती पुढे. सेकंदाला 20 किलोमीटर वेगाला रेषा सरकते 0.035 नॅनोमीटर. आणि एक कोटी अंश तापमानाला तिची रुंदीच 0.34 नॅनोमीटरच्या आसपास! जाड रेषेचा मध्य तिच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याइतका हलला का, हे ठरवायचं. त्यासाठी स्थिर आयनाची रेषा नेमकी कुठे पडते ते माहीत हवं. म्हणून निऑनच्या दिव्याची रेषा शेजारी घेतात. पण खोली तापली तरी उपकरण सरकतं, त्यामुळे मला दुसरी युक्ती जास्त भरवशाची वाटते : एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी बघायचं. एकीकडे रेषा निळ्याकडे जाईल, दुसरीकडे तांबड्याकडे. फरकाचं निम्मं म्हणजे खरं सरकणं. मात्र दोन्ही खिडक्या प्लाझ्माच्या सारख्याच खोलीवर बघत आहेत ना, हे आधी तपास. आणि हा वेग कार्बनचा आहे. ड्यूटेरियमचा तंतोतंत तोच असेल असं नाही, ते वेगळं काढावं लागतं.