पिकअपचे मागचे टायर गेलेत, ऑल-टेरेन घालावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: मागचे दोन्ही टायर गोटा झालेत, आकार २१५/७५ आर १५, गाडी शेतातून माल भरून बाजार समितीत जाते, आणि दुकानदार म्हणतो ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची जाड नक्षी) घाला, जमलं तर त्याहून रुंद २३५ चेच घाला.

ऑल-टेरेन जरूर घाला दादा, पण नक्षी बघायच्या आधी टायरच्या कडेवरचा भाराचा आकडा वाचा. आकाराच्या पुढे १००एस किंवा १०६/१०४ असं काहीतरी लिहिलेलं असतं; अक्षर वेगाचं, आकडा भाराचा, आणि दोन आकडे असतील तर एका बाजूला एकच टायर असलेल्या गाडीसाठी पहिला धरा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११० म्हणजे १०६०. २१५/७५ आर १५ हाच आकार जीपच्या टायरलाही येतो आणि मालवाहू टायरलाही. दिसायला सारखेच, भार वेगळा. मालवाहू टायरवर एलटी (म्हणजे लाइट ट्रक) किंवा ८पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) असं लिहिलेलं सापडेल.

हा धडा मी रस्त्यावर शिकलो. मे महिना होता, उन्हाळ कांद्याच्या २५ गोण्या भरून वाशीला निघालो होतो. मागे नवेकोरे ऑल-टेरेन, नक्षी एकदम देखणी, आकडा १००. इगतपुरीच्या अलीकडे चहाला थांबलो, सवयीने टायरवर हात ठेवला तर चटका बसला. उजव्या टायरच्या आतल्या कडेला लिंबाएवढा फुगा आला होता, आणि पुढे कसारा घाट उतरायचा होता. स्टेपनी चढवली, दुसरी गाडी बोलावून अर्धा माल तिच्यात टाकला. त्या दिवशीचं भाडं गेलं, पण घाटात टायर फुटला असता तर काय झालं असतं हा विचार अजून येतो.

हिशोब साधा आहे. रिकाम्या गाडीचं मागच्या अ‍ॅक्सलवर ७०० किलो धरा, त्या २५ गोण्यांच्या साडेबाराशे किलो मालातला हजारेक किलो मागेच येतो. झाले १७००. १०० आकड्याचे दोन टायर मिळून झेलणार १६००. भार जास्त झाला की कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, रबर तापतं, त्यात खड्डा बसला की आतले धागे तुटतात आणि हवा तिथून कड बाहेर ढकलते.

आता नक्षी. मुरूम, खडी, घाटाखालचे दगडी रस्ते यांवर ऑल-टेरेनचा फरक लगेच कळतो, चाक जागेवर घसरत नाही. पण तुमची जमीन काळी असेल तर पावसात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. काळी माती ओली झाली की नक्षीच्या खाचांत भरते आणि निघत नाही, दहा पावलांत चाक मडक्यासारखं गुळगुळीत होतं. रुंद खाचांचे खास चिखलाचे टायर ती थोडीफार झटकतात, पण डांबरावर ते लवकर झिजतात आणि आवाजाने डोकं उठतं. आमच्याकडे सरळ पद्धत आहे: जून ते सप्टेंबर पिकअप मुरमाच्या रस्त्यावर उभी, माल बांधावरून ट्रॅक्टरने बाहेर. रिकामी गाडी न्यावीच लागली तर हौद्यात मागच्या चाकांच्या वर चार-पाच गोण्या माती टाका, वजनाने पकड येते.

२३५/७५ नका घालू. चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ होतो, म्हणजे चार टक्के वाढ. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असेल, भरलेल्या गाडीला चढावर पहिला गिअर कमी पडेल, आणि स्टेपनी जुन्याच आकाराची राहील. मिळतं काय, तर पोटाखाली दीड सेंटिमीटर उंची.

दुकानात कडेवरचे शेवटचे चार अंकही वाचून घ्या. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नका. दोन्ही मागचे एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या.

आणि हवा टायर थंड असताना, पहाटे निघायच्या आधी भरा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील तर माल भरायच्या दिवशी भरलेल्याचाच धरा.